शून्याचा रकाना

पिंगपाँगचा चेंडू काळा रंगवून
त्याच्या पोटात तापमापी खुपसलेली.
पुराणिकसर म्हणाले, हा चेंडू म्हणजे माणूस समज.
ऊन, भिंत, झुळूक, अंगाला जे जे लागतं
ते हा मुकाट्याने घेतो आणि आकडा सांगतो.
बाकी माणसांना तू विचारायचं:
आत्ता, या क्षणी, कसं वाटतंय?
उणे तीन ते अधिक तीन.
मधे शून्य. ना गरम, ना गार.

मे महिना, दुपारचे तीन, मांडवीमागची खडकी.
घरं इतकी दाटीनं उभी
की ऊन वरच्या मजल्यांवरच अडकून पडलंय,
खाली एक पट्टी तेवढी, साडीच्या काठाएवढी.
चेंडू म्हणतो सदतीस.
ओट्यावर कपिलाबेन, हातात लसणाची पाकळी.
"बफारो छे, बेटा."
बफाऱ्याला रकाना नाही.
मी अधिक दोन लिहिते, त्या चष्म्यातून बघतात,
"एटलुं बधुं नथी," म्हणतात.
मी खोडते.

कोपऱ्यावर रामसजीवन, कोळशाची इस्त्री.
तो म्हणाला उणे एक.
मी पुन्हा विचारलं.
"अभी नीचे रखी ना," तो म्हणाला,
आणि लगेच पुढचा शर्ट ओढला.
उणे एक राहू दिलं. या क्षणी, असंच तर छापलंय.

स्कूटरवरून भायली.
हँडल रुमालाने धरावं लागतं.
रुंद रस्ते, लोखंडी पिंजऱ्यांत कडुनिंबाची रोपं,
पिंजऱ्याची सावली रोपापेक्षा मोठी.
चेंडू म्हणतो एकोणपन्नास.
विचारायला रस्त्यावर कोणी नाही.
फाटकाशी भीमसिंग राठवा, छोटाउदेपूरकडचा,
दिव्याच्या खांबाच्या सावलीत खुर्ची टाकून.
सावली सरकते, खुर्ची सरकते.
सकाळपासून तो पाण्याच्या टाकीपाशून इथवर आलाय.
मी कागद पुढे केला, त्याने नीट वाचला,
शून्यावर बोट ठेवलं आणि वर बघितलं,
चौथ्या मजल्याच्या बंद काचांकडे.
"हे तिकडे मिळेल, बेन."
त्याच काचांखालच्या डब्याची गरम फुंकर
आमच्या दोघांच्या मानेवर येत होती.

रात्री अकराला पुन्हा तोच फेरा.
सगळं उलटं.
खडकीच्या भिंती दिवसभर प्यायलेलं ऊन आता सोडतायत,
हात लावला तर तापातल्या पोराच्या कपाळासारख्या.
रामसजीवन इस्त्रीच्याच टेबलावर उताणा,
डोळे उघडे.
मी कागद काढलाच नाही. त्याने तीन बोटं दाखवली.

भायलीत एरंडाच्या शेतांवरून वारा सुटलेला.
भीमसिंग डोक्यापर्यंत चादर ओढून झोपलेला.
उठवावं का?
नियम उठवा म्हणतो.
मी चादरीला चिमटीने धरून, तशीच सोडून दिली.
रकाना रिकामा.

आमचा फ्लॅट त्याच गल्लीत, दुसरा मजला.
बाबा गॅलरीत सतरंजीवर बसलेले.
मागच्या दिवाळीत आम्ही मांडवी सोडली,
तेव्हापासून ते इथे चांगली हवा आहे असं
न विचारता सगळ्यांना सांगतात.
"झोप नाही?"
"गार आहे की," ते म्हणाले.
मग थोड्या वेळाने,
"कपिलाचा खोकला कसा आहे?"
मी विचारलं नव्हतं. कागदावर तो प्रश्न नाही.

त्यांनी चेंडू मागितला.
मी म्हटलं, हात नका लावू, आकडा बिघडतो.
तोवर त्यांनी तो तळव्यात घेतलाही होता,
अंड्यासारखा, दोन्ही हातांनी झाकून.
अठ्ठावीस. तीस. एकतीस.
चौतीसवर थांबला.
"हे कुणाचं?" त्यांनी विचारलं.

सकाळी सरांना वही दिली.
त्या ओळीवर मी काट मारली होती,
पण अशी, की वाचता यावं.